किती काळ टिकला तर तो पदार्थ?

"रसायनशास्त्र म्हणजे शेवटी इलेक्ट्रॉनचं भौतिकशास्त्रच की!" कॉलेजच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य मी नोकरीभर ऐकत आले. फिजिक्सचे सहकारी ते आपुलकीने म्हणायचे, पण मनापासून म्हणायचे. शिवाय त्यांच्या पाठीशी फार मोठा माणूस उभा होता. १९२९ मध्ये पॉल डिरॅक यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात लिहिलं, की भौतिकशास्त्राच्या बऱ्याच मोठ्या भागाला आणि संपूर्ण रसायनशास्त्राला लागणारे मूलभूत नियम आता पूर्णपणे हाती आले आहेत. अडचण एवढीच, की ते नियम लावायला गेलं तर येणारी समीकरणं सुटण्यापलीकडची असतात. म्हणून कामचलाऊ पद्धती शोधून काढायला हव्यात, असंही त्यांनी तिथेच लगेच म्हटलं होतं. पण वादात तेवढा भाग कुणी सांगत नाही. उरतं ते एवढंच, की नियम फिजिक्सचे, बाकीची आकडेमोड.

तत्त्वज्ञांनीही बराच काळ हेच गृहीत धरलं असावं. विसाव्या शतकात विज्ञानाचं तत्त्वज्ञान म्हणून जे लिहिलं गेलं, ते आधी सापेक्षता आणि क्वांटम यांच्याभोवती फिरलं आणि नंतर उत्क्रांतीकडे वळलं. रसायनशास्त्रात हजारो प्रयोगशाळा राबत होत्या, औषधं आणि रंग आणि खतं निघत होती, पण त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं फारसं कुणाला वाटलं नाही. १९९४ च्या सुमारास युरोपात या विषयावर परिषदा भरू लागल्या. १९९५ मध्ये योआखिम शुमर यांनी जर्मनीतून 'हायले' हे नियतकालिक सुरू केलं. १९९७ मध्ये या विषयाची आंतरराष्ट्रीय संस्था उभी राहिली, १९९९ मध्ये एरिक स्केरी यांच्या संपादनाखाली 'फाउंडेशन्स ऑफ केमिस्ट्री' निघालं. एवढ्या जुन्या शास्त्राचं तत्त्वज्ञान एवढं तरुण आहे.

ही ज्ञानशाखा स्वतंत्र का असावी याची कारणं पुष्कळ दिली जातात. मला त्यातलं एकच खरं मोलाचं वाटतं. रसायनशास्त्र रोज सकाळी उठून एक प्रश्न विचारतं, जो फिजिक्सला सहसा पडत नाही: हा पदार्थ आणि तो पदार्थ एकच आहेत, हे कशावरून?

बी.एस्सी.च्या ऑरगॅनिक प्रॅक्टिकलला मुलं हा प्रश्न हाताने सोडवतात. काचेची बारीक केशनळी घ्यायची, बर्नरच्या ज्योतीत तिचं एक टोक वितळवून बंद करायचं. वॉचग्लासवर ठेवलेल्या पांढऱ्या पुडीत उघडं टोक दोन-चारदा टोचायचं आणि नळी टेबलावर हलकेच आपटत पूड तळाला उतरवायची. मग ती नळी थर्मामीटरच्या फुग्याला दोऱ्याने बांधून थील ट्यूबमधल्या लिक्विड पॅराफिनमध्ये सोडायची. सुरुवातीला बर्नर खुशाल चालू द्यावा, पण वितळणबिंदू जवळ आला की हात आवरावा लागतो. ज्योत आत-बाहेर करत तापमान मिनिटाला अंश-दोन अंशांनीच चढायला हवं. आधी पुडीच्या कडा ओलसर दिसतात, मग ती आकसते, आणि एकदम नळीच्या तळाशी पारदर्शक थेंब होतो. १३३ अंश.

पण १३३ अंशांना युरिया वितळतो आणि सिनॅमिक आम्लही वितळतं. दोन्ही पांढरी. मग पुडीत काय आहे? खात्रीचा सिनॅमिक आम्लाचा नमुना घ्यायचा, अज्ञात पुडीत मिसळायचा आणि पुन्हा नळी भरायची. अज्ञात पूडही सिनॅमिक आम्लच असेल तर मिश्रण १३३ लाच वितळेल, कारण ते मिश्रण नाहीच. ती युरिया असेल तर कितीतरी अंश आधीच ढेपाळेल. याला मिक्स्ड मेल्टिंग पॉइंट म्हणतात. यंत्रं आल्यापासून ही रीत मागे पडली, पण तिच्याइतकी स्वच्छ रीत मला दुसरी दिसत नाही. आत अणू कसे आहेत हे तिला विचारावं लागत नाही. दोन गोष्टी एकत्र केल्यावर त्या एकमेकींना परक्यासारख्या वागवत नसतील, तर त्या एकच. पदार्थाचं सारतत्त्व काय, अशी चर्चा तत्त्वज्ञ करत असतात. इथे एकपण ठरवायची कसोटी कृतीची आहे, आणि ती विचार करूनच बेतलेली आहे.

आता फिजिक्सच्या मित्रांचा मुद्दा घेऊ. ते म्हणतील, ही सगळी बाहेरची लक्षणं. खरी ओळख आतल्या कणांवरून ठरते. ठीक आहे. दोन कार्बन, सहा हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन घ्या. एवढी केंद्रकं, त्यांचे २६ इलेक्ट्रॉन, त्यांच्यातली आकर्षणं आणि अपाकर्षणं. या सगळ्यांचं क्वांटम समीकरण मांडा. हे समीकरण कशाचं आहे?

इथाइल अल्कोहोलचं. आणि डायमिथाइल ईथरचंही. पहिलं ७८ अंशांना उकळणारं द्रव, पाण्यात हव्या त्या प्रमाणात मिसळणारं, सोडिअमचा तुकडा टाकला की हायड्रोजनचे बुडबुडे सोडणारं. दुसरं उणे २४ अंशांना उकळतं, म्हणजे आपल्या खोलीत तो वायूच असतो, आणि सोडिअमशी त्याला देणंघेणं नाही. कण तेच, संख्या तीच, त्यांच्यातली बलं तीच. पूर्ण समीकरण अक्षरशः एकच आहे. मग त्यातून दोन पदार्थ कसे निघतात?

१९७८ मध्ये गाय वूली यांनी अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात एक निबंध लिहिला. रेणूला आकार असलाच पाहिजे का, हा त्याचा प्रश्न. केंद्रकं आणि इलेक्ट्रॉन या सगळ्यांनाच क्वांटम कण मानून समीकरण मांडलं, तर त्याच्या नेमक्या उत्तरांत रसायनशास्त्रज्ञ फळ्यावर काढतो ती रेघांची आकृती सापडत नाही. कोणता अणू कोणाला जोडलेला, हेच त्यात लिहिलेलं नसतं. आकार मिळतो तो १९२७ मध्ये बॉर्न आणि ओपेनहायमर यांनी घालून दिलेल्या युक्तीतून. केंद्रकं जड आणि संथ आहेत, तेव्हा ती अमुक जागी खिळून बसली आहेत असं धरायचं आणि इलेक्ट्रॉनचं तेवढं गणित करायचं. युक्ती अफाट यशस्वी आहे. पण केंद्रकं कुठे खिळवायची?

आजही संगणकावर रेणूचं गणित करायचं तर फाइलमध्ये आधी अणूंच्या जागा टाइप कराव्या लागतात. कार्बन इथे, ऑक्सिजन तिथे. अल्कोहोलची मांडणी टाइप केली तर अल्कोहोलची ऊर्जा मिळते, ईथरची केली तर ईथरची. मांडणी आपण आणलेली असते, आणि ती एकोणिसाव्या शतकापासून बाटल्या, पेटते बर्नर आणि डिस्टिलेशनचे कंडेन्सर यांतून रसायनशास्त्रज्ञांनी मिळवलेली आहे. इंग्लंडमधले तत्त्वज्ञ रॉबिन हेंड्री यांनी या मुद्द्यावर बराच भर दिला आहे, आणि मला त्यांचं म्हणणं पटतं.

याला प्रामाणिक उत्तर आहे, आणि ते टाळणं बरं नव्हे. आजचे प्रोग्राम सगळ्या शक्य मांडण्या स्वतः धुंडाळू शकतात. ऊर्जेचा नकाशा काढला तर त्यात अल्कोहोल एका दरीत बसलेलं दिसतं, ईथर दुसऱ्या दरीत, आणि मध्ये उंच डोंगर. डोंगर ओलांडायला एवढा प्रचंड काळ लागेल, की व्यवहारात दोन्ही कायमचेच वेगळे. हे उत्तर चांगलं आहे. पण त्यातला निर्णायक भाग कोणता ते पाहा. दोन पदार्थ वेगळे का, तर एकातून दुसऱ्यात जायला फार वेळ लागतो म्हणून. 'फार' म्हणजे किती, हे समीकरण सांगत नाही. ते बाटलीजवळ उभा असलेला माणूस ठरवतो.

याचा अर्थ लागला तो मला ग्लुकोजपाशी. ग्लुकोज अल्फा आणि बीटा अशा दोन रूपांत मिळतं. दोन्हींचे स्फटिक वेगळे करता येतात, बाटल्यांत भरता येतात, विकत घेता येतात. अल्फाचे स्फटिक तोलून पाण्यात विरघळवायचे आणि लगबगीने पोलॅरिमीटरच्या, म्हणजे द्रावण ध्रुवित प्रकाशाला किती वळवतं हे मोजणाऱ्या यंत्राच्या, नळीत भरायचे. बुडबुडा राहिला तर सगळं वाया, म्हणून काचेची चकती बाजूने सरकवत बसवायची. सोडिअम दिव्याचा पिवळा उजेड, आयपीसमध्ये वर्तुळाचे दोन भाग, एक गडद एक फिका. चक्र फिरवत दोन्ही भाग सारखे करायचे आणि वाचन घ्यायचं. त्यावरून विशिष्ट वलन काढलं तर ते अधिक ११२ च्या आसपास येतं. थांबायचं, पुन्हा वाचायचं. खाली आलेलं असतं. पुन्हा थोडं खाली. शेजारच्या टेबलावर बीटा घेऊन बसलेल्या मुलीची सुरुवात अधिक १८.७ पासून होते आणि तिचं वाचन वर चढत जातं. काही तासांत दोघी अधिक ५२.७ वर येऊन थांबतात. दोन वेगळ्या बाटल्यांतून निघालेली दोन द्रावणं आता एकच झालेली असतात. अमोनियाचा थेंब टाकला तर हेच लवकर होतं.

म्हणजे अल्फा आणि बीटा हे दोन पदार्थ आहेत की एक? बाटलीत कोरडे असेपर्यंत दोन. पाण्यात पडल्यावर सकाळी दोन आणि संध्याकाळी एक. रसायनांना क्रमांक देणाऱ्या कॅस रजिस्ट्रीने अल्फाला एक क्रमांक दिला आहे, बीटाला दुसरा, आणि नुसत्या डी-ग्लुकोजला तिसरा. मला हा गोंधळ वाटत नाही. जे खरोखर तिथे आहे तेच त्यांनी नोंदवलं आहे.

रेषा कुठे ओढायची हे शेवटी कुणाला तरी ठरवावंच लागतं, आणि ते खरंच ठरवलं गेलं आहे. बायफिनाइलमध्ये दोन बेंझिन कडी एका बंधाने जोडलेली असतात. त्या बंधाशेजारी मोठाले गट असले की कडी एकमेकांना अडतात आणि रेणू उजवा किंवा डावा वळलेला राहतो. गट लहान असले तर कडी सहज फिरतात आणि उजवं-डावं काही उरत नाही. मध्ये सगळ्या पायऱ्या आहेत. मग उजवा आणि डावा वेगळे पदार्थ केव्हा मानायचे? १९८३ मध्ये जपानचे मिचिनोरी ओकी यांनी रेषा सांगितली: दिलेल्या तापमानाला निम्मे रेणू उलटे वळायला १,००० सेकंदांपेक्षा जास्त लागत असतील, तर ते वेगळे. साडेसोळा मिनिटं आणि वर थोडं. निसर्गात या आकड्याला काही महत्त्व नाही. प्रयोगशाळेत मात्र आहे, कारण दोन रूपं वेगळी करून त्यांच्यावर काही मोजायचं तर साधारण एवढा वेळ हाती हवा. हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. फुप्फुसाच्या एका प्रकारच्या कर्करोगावरचं सोटोरासिब हे औषध, ज्याला २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली, अशाच एका बाजूला वळलेल्या रेणूचं आहे. दुसऱ्या बाजूला वळलेला रेणू हे ते औषध नाही.

मी 'तापमानाला' म्हटलं, तेही महत्त्वाचं. थंडीत जे दोन पदार्थ असतात ते उन्हाळ्यात एक होऊ शकतात. पदार्थाचं एकपण असं हवामानावर अवलंबून असणं काही विद्यार्थ्यांना रुचत नाही. त्यांना वाटतं शास्त्रात असं चालू नये. मला उलट यातच रसायनशास्त्राचा खरेपणा दिसतो. जगात गोष्टी टिकतात त्या काही काळ टिकतात, आणि त्या टिकण्याच्या काळाला धरूनच आपण त्यांना नावं देतो. हे या शास्त्राने आडपडदा न ठेवता मान्य केलं आहे.

पाण्याकडे या बाजूने पाहिलं तर तत्त्वज्ञांची आवडती चर्चा वेगळीच दिसू लागते. 'पाणी म्हणजे एच-टू-ओ' हे त्यांचं ठरलेलं उदाहरण. शब्दाचा अर्थ आपल्या मनातल्या कल्पनेवर नाही, तर बाहेरची वस्तू खरोखर काय आहे यावर ठरतो, हा सगळा युक्तिवाद हिलरी पटनम यांनी १९७५ मध्ये त्यावर उभा केला. हासोक चँग यांनी २०१२ मधल्या पुस्तकात दाखवलं, की हे सूत्रसुद्धा सहजी मिळालेलं नाही. डाल्टनच्या हिशेबात पाण्यात एकच हायड्रोजन होता, आणि दोन आहेत हे पक्कं व्हायला एकोणिसाव्या शतकाचा मोठा भाग खर्ची पडला. मला त्यापुढचा भाग जास्त ओढून घेतो. पेल्यातल्या पाण्यात एक रेणू आपला हायड्रोजन फार वेळ धरून ठेवत नाही. साधारण मिलिसेकंदात तो शेजाऱ्याकडे गेलेला असतो.

निसर्गातल्या दर ६,४०० च्या आसपास हायड्रोजनमागे एक जड हायड्रोजन, म्हणजे ड्युटेरियम असतो. तो बहुतेक वेळा अर्ध्या जड रेणूत सापडतो: एक साधा हायड्रोजन, एक ड्युटेरियम, एक ऑक्सिजन. एचडीओ. शुद्ध जड पाणी वेगळं काढता येतं. अलिबागजवळ थळला खताच्या कारखान्याला जोडून त्याचा कारखाना आहे, अमोनियासाठी आणलेल्या हायड्रोजनमधून ते ड्युटेरियम काढून घेतात. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्ट्या जड पाण्यावरच्या आहेत. जड पाणी ३.८ अंशांना गोठतं, साध्या पाण्यापेक्षा सुमारे अकरा टक्के भारी असतं, आणि सस्तन प्राण्याच्या शरीरातल्या पाण्याचा मोठा हिस्सा त्याने बदलला तर प्राणी मरतो. पण एचडीओची बाटली जगात कुठेच नाही, असूही शकत नाही. नुसते एचडीओचे रेणू द्रवात एकत्र आणले, तरी हायड्रोजनची अदलाबदल होऊन क्षणात साधं पाणी, जड पाणी आणि एचडीओ अशी तिन्ही तिथे हजर होतात. रेणू प्रत्येक पेल्यात आहे, पदार्थ कुठेच नाही. पदार्थ म्हणजे रेणूंचा ढीग, असं शाळेपासून शिकवलेलं इथे अडतं.

ड्युटेरियमने मूलद्रव्याच्या कल्पनेलाही असाच धक्का दिला होता. १९१३ मध्ये व्हिएन्नात हेवेशी आणि फ्रिट्झ पानेत या रसायनशास्त्रज्ञांनी रेडियम-डी हा किरणोत्सारी पदार्थ शिशापासून वेगळं काढायची नाना परींनी खटपट केली. ते निघेना. मग त्यांनी त्या न निघण्याचाच उपयोग करून घेतला: किरणोत्सारी शिसं खूण म्हणून मिसळायचं आणि साध्या शिशाचा माग काढायचा. वेगळं काढता येत नाही म्हणून ते एकच मूलद्रव्य, वजन वेगळं असलं तरी. समस्थानिकांची व्याख्या फ्रेडरिक सॉडी यांनी याच न निघण्यावर केली होती. पुढे हॅरल्ड युरी यांनी ड्युटेरियम शोधला आणि तो तर विद्युत अपघटनाने वेगळा काढता येऊ लागला, तेव्हा सॉडी म्हणाले, हे समस्थानिक नव्हेच. त्यांचा हट्ट मला समजतो. त्यांच्या दृष्टीने कसोटी कृतीची होती आणि कृतीने निकाल दिला होता. जगाने त्यांचं ऐकलं नाही.

पानेत यांनी १९३१ मध्ये कोनिग्सबर्गला याच विषयावर व्याख्यान दिलं. अकरावीच्या वर्गात दरवर्षी कुणीतरी विचारतं, ते त्यांनी विचारलं होतं. सोडिअम पाण्यात पेट घेतो, क्लोरिन विषारी, मग मीठ आपण कसं खातो? मिठात सोडिअम आहे की नाही? पानेत म्हणतात, मूलद्रव्याचे दोन अर्थ आहेत. एक, हातात धरता येतो तो चकचकीत मऊ धातू. दुसरा, त्या धातूत, मिठात आणि खाण्याच्या सोड्यात सारखाच राहणारा, पण स्वतःचा रंग, वास, चमक काही नसलेला आधार. मेंडेलिएव्ह यांनी आवर्त सारणी मांडली ती या दुसऱ्या अर्थाच्या मूलद्रव्यांची. मिठात धातू नाही, आधार आहे. मुलांना हे सांगितलं की काही जण समाधान मानतात, काही जण आणखी अस्वस्थ होतात. दुसऱ्यांकडे माझं लक्ष जास्त असतं.

आपल्याकडे हा वाद फार पूर्वी झालेला आहे आणि तो आपण रसायनाच्या वर्गात कधी आणत नाही, याची मला खंत आहे. काळसर कच्चं मडकं आव्यात घातलं की लाल होऊन निघतं. लाल काय झालं? वैशेषिक आणि न्याय या आपल्या दोन जुन्या दर्शनांचं यावर एकमत नव्हतं. वैशेषिकांचं म्हणणं असं, की उष्णतेने मडकं परमाणूंपर्यंत सुटतं, रंग एकेका परमाणूचा बदलतो, आणि ते परमाणू पुन्हा जुळून नवं मडकं तयार होतं. हा पीलुपाकवाद. नैयायिकांना, म्हणजे न्याय दर्शनाच्या अनुयायांना, हे मान्य नव्हतं. मडक्याला सूक्ष्म छिद्रं असतात, त्यांतून अग्नी आत शिरतो आणि अख्खं मडकं जसंच्या तसं असताना लाल होतं. हा पिठरपाकवाद. त्यांची हरकत अगदी कुंभाराच्या बाजूने विचार केल्यासारखी आहे: मडकं सुटून जात असतं तर त्याच्यावर रचलेली मडकी कोसळली असती. आणि बाहेर काढल्यावर 'हे तेच मडकं' असं आपण ओळखतो ते कसं? वैशेषिकांनी उत्तर दिलं, की सुटणं आणि जुळणं इतक्या झपाट्याने, मोजक्या क्षणांत होतं, की वरच्या मडक्यांना आणि पाहणाऱ्याला ते कळतच नाही. प्रफुल्लचंद्र राय यांच्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासाच्या १९०९ मधल्या दुसऱ्या खंडात ब्रजेन्द्रनाथ सील यांनी या जुन्या सिद्धांतांवर सविस्तर लिहिलं आहे.

त्यांचे परमाणू आपले नव्हेत, आणि त्यांनी आधीच सगळं शोधलं होतं असा दावा मला करायचा नाही. पण वाद कुठे येऊन थांबला ते पाहा. नैयायिक ओळखीची आणि वापराची कसोटी लावतात, वैशेषिक आतल्या कणांची, आणि दोघांत निवाडा करायची वेळ येते तेव्हा बोलणं क्षणांवर येतं. दोघांपैकी कुणी हरलं असं मला वाटत नाही. मिक्स्ड मेल्टिंग पॉइंट घेणारी मुलगी नैयायिकांच्या बाजूची आहे, एचडीओचं प्रमाण मोजणारा वैशेषिकांच्या, आणि दोघं एकाच प्रयोगशाळेत बसतात.

तिसऱ्या वर्षाच्या प्रश्नपत्रिकेत पाच गुणांचा एक प्रश्न असावा, असं मला नेहमी वाटत आलं आहे. तो असा: "एचडीओ हा पदार्थ आहे का? तुमच्या मते जे काही असेल ते कारणांसह लिहा. अल्फा ग्लुकोजबद्दल तुमचं उत्तर तेच राहील का, आणि किती तासांपर्यंत?" तपासताना 'हो' ला आणि 'नाही' ला सारखेच गुण द्यायचे, कारणांना जास्त.